बिननावाचा पिस्टन

१

सकाळी साडेनऊच्या आत गॅरेजवर आलेलं गिऱ्हाईक रंगनाथ मिस्त्रीला खपत नसे. साडेनऊनंतर आलेलं खपत असे, अशातलाही भाग नाही. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात त्याचं गॅरेज होतं. पुढं पत्र्याची खोली, तीत गाड्या. मागं विटांची खोली, तीत यशोदाबाई आणि संसार. मधलं दार तो सहसा लावून घेई, कारण भांड्यांचा आवाज आला की इंजिनाचा आवाज नीट ऐकू येत नाही.

नाशकात मोटारसायकल चालवणाऱ्या निम्म्या लोकांना ती चालवता येत नाही, आणि दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांना, एक तो सोडून, ती दुरुस्त करता येत नाही, हे त्याचं ठाम मत. कुणी विचारायची वाट न बघता तो ते सांगे. बोळाच्या पलीकडं काळू मिस्त्रीचं गॅरेज होतं. रंगनाथ त्याला मिस्त्री म्हणतच नसे, ‘समोरचा हातोडीवाला’ म्हणे. काळूला ते ठाऊक होतं आणि तो संधीची वाट बघत होता.

सन अठ्ठ्याहत्तरचा जानेवारी होता. सावळीरामची साडेतीनशे सीसीची गाडी पंधरा दिवसांपासून रंगनाथकडे उघडी पडली होती. पिस्टन झिजला होता, सिलिंडर लेथवाल्याकडून आतून कातून, बोअर करून आणला होता, पण त्या मापाचा कंपनीचा पिस्टन गावात मिळत नव्हता. सावळीराम नाशिक रोडला एका कचेरीत कारकून. धुतलेला शर्ट, खिशाला पेन, बोलणं मऊ. असल्या माणसांची रंगनाथला मनापासून चीड होती. मंगळवारी हे ध्यान हातात एक खोका घेऊन आलं.

“मिस्त्री, मिळाला बघा पिस्टन. कंपनीचा नाही, बाहेरचा आहे. पण चांगला आहे म्हणाला दुकानदार.”

“दुकानदार म्हणाला? मग प्रश्नच मिटला. त्यालाच सांगा बसवायला.”

“असं करू नका. शनिवारी मला नांदगावला जायचंय. हिचे दिवस भरलेत, माहेरी आहे. कधी तार येईल नेम नाही.”

“तुमच्या बायकोचे दिवस भरले म्हणून मी असला माल बसवू? चार महिन्यांत जाम होईल, आणि नाव कुणाचं जाईल? माझं.”

काळू चहाचा ग्लास घेऊन बोळातच उभा होता. तो तिथूनच म्हणाला, “का वं रंगनाथभाऊ, बाहेरच्या मालाला हात चालत नाय का तुमचा? द्या इकडं, मी बसवतो. आमाला लय सवय हाय.”

रंगनाथनं सावळीरामच्या हातातून खोका हिसकावून घेतला.

“शनिवारी सकाळी या,” तो म्हणाला. “आणि या हातोडीवाल्याला सांगून ठेवा, मी बसवलेला पिस्टन आजवर एकदाही परत खोलावा लागलेला नाही. कसलाही असो.”

२

खोक्यावर नाव नव्हतं. कारखान्याचं नाही, गावाचं नाही, नुसतं माप. आत मेणकागदात गुंडाळलेला पिस्टन, तीन रिंगा, एक पिन आणि पिनीच्या दोन्ही टोकांना लावायची दोन लॉकं. ‘ज्याला स्वतःच्या मालावर नाव टाकायची लाज वाटते त्याचा माल,’ असं मोठ्यानं म्हणून रंगनाथनं पिस्टन हातात घेतला.

त्याची एक रीत होती. नवा पिस्टन आला की तो तोंडाजवळ धरायचा, माथ्यावर ‘हाऽऽ’ करून श्वास सोडायचा आणि त्यावर धरलेली वाफ कशी जाते ते बघायचं. धातू एकसंध असेल तर वाफ कडेकडेनं सारखी विरते. कुठं केसाएवढी चीर असेल तर तिथं ओल मागं राहते आणि चीर दिसते. ही रीत त्याला कुणी शिकवली नव्हती, आणि त्यानं ती कुणाला शिकवली नव्हती. शिकवावं असं कुणी त्याला भेटलंच नव्हतं.

त्यानं श्वास सोडला. वाफ धरली आणि तत्क्षणी गेली. कडेकडेनं नाही, एकदम.

सकाळी थंडी चांगली होती. बोळात लोकांच्या तोंडातून धूर निघत होता. अशा दिवसांत वाफ उलट जास्त वेळ टिकते. त्यानं टेबलाखालचा एक जुना, कंपनीचा पिस्टन काढून पुसला आणि त्यावर श्वास सोडला. दहा आकडे मोजेपर्यंत वाफ हलली नाही. मग पुन्हा नव्यावर सोडली. ती गेली. कुणी तोंड लावून ओढून घ्यावी तशी गेली.

“भिकारडा माल,” तो म्हणाला. अ‍ॅल्युमिनियम हलकं असणार. त्यात काय भेसळ केली असेल देव जाणे. हा खुलासा त्याला पटला, तरी त्यानं पुन्हा श्वास सोडला. मग पुन्हा. एका फडतूस पिस्टननं आपल्याला दाद देऊ नये याचा त्याला राग आला होता. छाती रिकामी करून करून तो त्यावर श्वास सोडत राहिला, डोळ्यांपुढं अंधारी येईपर्यंत. शेवटी टेबलाला धरून उभा राहिला तेव्हा बाहेर भाजीवाल्या उठून गेल्या होत्या आणि दुपार झाली होती. इतका वेळ आपण हेच करत होतो का, हे त्याला नक्की सांगता आलं नाही.

३

बुधवारी त्यानं मापं घेतली. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवायची आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत पातळ पात्याचं गेज घालून बघायचं. फट कमी असेल तर टोकं कानशीनं घासायची, कारण तापल्यावर टोकाला टोक भिडलं की इंजिन जागच्या जागी जाम. कंपनीच्या रिंगांनासुद्धा थोडी कानस लावावी लागे. या तिन्ही रिंगांना लागली नाही. पिस्टन आणि सिलिंडरच्या मधली जागा चारी बाजूंनी तंतोतंत भरली. त्याला दोष काढायला कुठं वावच सापडेना, आणि दोष न काढता काम करायची त्याला सवय नव्हती.

सिलिंडर टेबलावर दोन लाकडांवर उभा होता. वरून उघडा, खालूनही उघडा, निव्वळ एक नळकांडं. त्यानं आतून तेलाचा हात फिरवला आणि बिनरिंगांचा पिस्टन वरून अलगद सोडला. तो स्वतःच्या वजनानं सावकाश खाली उतरू लागला. बरोबर बसणाऱ्या पिस्टनचं हेच लक्षण. रंगनाथ नाइलाजानं समाधान पावला आणि चहा प्यायला मागच्या खोलीत गेला.

परत आला तेव्हा पिस्टन वर होता. अगदी काठाशी.

त्यानं पहिल्यांदा बोळात बघितलं. काळू आपल्या दारात एका स्कूटरच्या पोटात डोकं घालून बसला होता. त्याला इथं येऊन जायला वेळ होता, अक्कल मात्र नव्हती. रंगनाथनं पिस्टन बोटानं खाली दाबला, पार तळाशी. मग पाठ करून उभा राहिला आणि एक स्प्रिंग उगाच पुसू लागला. पाठीमागं तेलातून काहीतरी सरकल्याचा आवाज आला, बारीक आणि लांबलचक. तो वळला. पिस्टन अर्ध्यावर होता आणि त्यानं बघितल्यावर थांबला.

तेल घट्ट असेल. थंडीनं हवा खालून ढकलत असेल. पत्र्याच्या खोलीत वारा कुठूनही शिरतो. अशी तीन कारणं त्यानं भराभर काढली आणि तिन्ही आपल्याला पटली नाहीत हे स्वतःलाही कळू दिलं नाही. त्यानं सिलिंडरच्या तोंडावर उजवा तळवा घट्ट दाबला.

तळव्याला ओढ लागली. मग ती सुटली आणि तळव्यावर ऊब आली. पुन्हा ओढ, पुन्हा ऊब. त्यात घाई नव्हती.

“अहो, जेवायला वाढू का?” यशोदाबाईनं दार उघडून विचारलं.

“वाढ,” तो म्हणाला आणि हात काढला. हातावर गोल ओला ठसा होता. तो त्यानं पँटला पुसला.

४

गुरुवारी त्यानं पिस्टन बसवला. का बसवला? काळूकडं पंधरा पावलांवर चहाचा ग्लास होता आणि तोंडात जीभ होती, म्हणून. टीचभर पिस्टन आपल्याला भिववतो हे कबूल करण्यापेक्षा रंगनाथनं हात तोडून दिला असता.

बसवला मात्र असा, की बघणाऱ्यानं बघत राहावं. खाली इंजिनाच्या चेंबरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं, म्हणजे निसटलेलं लॉक आत पडत नाही. पिस्टन उकळत्या पाण्यात तापवून घेतला, पिन अंगठ्यानं सरकवली, नवी लॉकं खाचेत वाजेपर्यंत बसवली. माथ्यावरचा बाण पुढं केला. रिंगांच्या फटी तीन दिशांना फिरवून घेतल्या, एकाखाली एक येऊ दिल्या नाहीत. मग रिंगा बोटांनी मिटवत सिलिंडर वरून खाली उतरवला. तो कुठंही अडला नाही. वर हेडचं झाकण चढवलं, नट आडवेतिडवे थोडे थोडे आवळले. एवढं चांगलं काम त्याच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं, हे त्याला स्वतःला कळलं आणि त्याला ते आवडलं नाही.

पहिल्याच किकला इंजिन सुरू झालं. आवाज ऐकून काळू दाराशी आला. टीका करण्याजोगं काही नसल्यामुळं तो तसाच उभा राहिला.

रंगनाथनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक सिलिंडरला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते असं ऐकायचं असतं. वाल्व्ह ठीक होते. पिस्टन ठीक होता. त्या सगळ्याच्या खाली कुणीतरी श्वास घेत होतं. ठोक्यांशी त्याचा मेळ नव्हता; तो आपला वेगळा, सावकाश चालला होता. रंगनाथनं ऐकायला म्हणून स्वतःचा श्वास रोखला आणि तो आवाजही थांबला.

म्हणजे आपलाच श्वास हाडातून ऐकू येतोय. एवढी साधी गोष्ट. त्याला हसू आलं आणि त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं.

खोलीत शांतता झाली. आता श्वास घ्यावा, असं त्याच्या मनात आलं. तो घेता येईना. छाती जागेवर होती, नाक उघडं होतं, कुणी गळा धरला नव्हता. फक्त श्वास यायला तयार नव्हता. मनातल्या मनात पाच आकडे झाले आणि तो आपोआप आला.

५

शुक्रवारी सकाळी त्यानं इंजिन पुन्हा सुरू करून पुन्हा बंद केलं. या वेळी बारा आकडे गेले. तिसऱ्यांदा केलं तेव्हा तो गाडीच्या सीटवर पालथा पडला आणि आवाज ऐकून यशोदाबाई धावत आली. तिनं पाठीवर बुक्क्या घातल्या. किती वेळ गेला ते त्याला मोजता आलं नव्हतं.

“तोंड निळं पडलंय हो तुमचं! डॉक्टरकडं चला.”

“तुला काय कळतंय? धुरानं होतं असं.”

“धूर कुठाय?” ती म्हणाली. तिचं बरोबर होतं, म्हणून त्यानं तिला आत जायला सांगितलं.

ती गेल्यावर त्यानं स्पार्क प्लग काढला. इंजिन एव्हाना गार पडलं होतं. प्लगच्या भोकावर विजेरी धरून त्यानं एक डोळा लावला. आत पिस्टनचा माथा वर आलेला होता, नुसता बोटभर खोल. त्यावर वाफ धरली होती. ती सगळ्या माथ्यावर पसरली, मग कडांकडून आत आत आली, मधोमध एवढीशी झाली आणि पुन्हा पसरली. रंगनाथनं डोळा काढला नाही. वाफ मिटली तेव्हा मधे काहीतरी ओलं उघडं राहिलं होतं. ते चिरेसारखं होतं, पण त्याला दोन कडा होत्या आणि त्या हलल्या.

त्यानं प्लग परत घट्ट बसवला. पहिल्या खेपेला आटे वाकडे लागले होते, आणि आटे वाकडे लावणाऱ्या मिस्त्र्यांबद्दल त्यानं आजवर जे जे म्हटलं होतं ते त्याला आठवलं.

इंजिन खोलायला दोन तास पुरले असते. हेड काढायचं, सिलिंडर उचलायचा, ती वस्तू पिनीवरून काढून गोदावरीत फेकायची. सावळीराम बसला असता एसटीत. रंगनाथनं पाना घेतला आणि पहिल्या नटाला लावला.

“काय वं, खोलता का काय परत?” काळू समोरून म्हणाला. तो ओट्यावर ऐसपैस बसला होता, शेजारी दोन रिक्षावाले बसवून घेतले होते. “एकदाबी खोलावा लागत नाय म्हनत व्हते ना?”

रिक्षावाले हसले. कोण होते ते? ज्यांना स्वतःच्या रिक्षाचं चाक बदलता येत नाही असले दोन रिक्षावाले. त्यांच्या हसण्याची किंमत रंगनाथला पुरेपूर माहीत होती.

“नट आवळून बघतोय,” तो म्हणाला. त्यानं नट आवळून बघितला आणि पाना ठेवून दिला.

६

शनिवारी सावळीराम आठलाच आला. दाढी केलेली नव्हती, हातात तार होती.

“काल संध्याकाळी तिला दवाखान्यात नेलंय. झाली ना गाडी?”

“सोमवारी न्या,” रंगनाथ म्हणाला.

“सोमवारी? मिस्त्री, अहो तार आलीय!”

“एसटी आहे ना?”

“पहिली गेली, दुसरी दहाला. आणि ती तरी वेळेवर येते का? काय राहिलंय गाडीत? सांगा तरी.”

काय राहिलंय ते सांगण्यासारखं एक वाक्य रंगनाथजवळ होतं. गाडी बंद केली की माझा श्वास बंद होतो. ते त्यानं मनात एकदा म्हणून बघितलं. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर त्यानं त्याला बोळाच्या तोंडापर्यंत हसत पोचवला असता. काळू दारात येऊन उभा होता. आज रिक्षावाले नव्हते, पण चारपर्यंत सगळ्या पंचवटीला कळलं असतं.

“बसला नाय म्हना की सरळ,” काळू म्हणाला. “त्यात काय लाज?”

“तू गप्प बैस!” रंगनाथ ओरडला. मग सावळीरामकडं वळून हलक्या आवाजात म्हणाला, “न्या. काही राहिलेलं नाही. चाळीसच्या वर नेऊ नका, रिंगा नव्या आहेत. टाकी मी भरून ठेवलीय. वाटेत कुठं थांबू नका.”

रंगनाथनं स्वतः पेट्रोल भरलं, हे ऐकून सावळीरामला भरून आलं. त्यानं चक्क वाकून नमस्कार केला. “तुम्हाला लोक काही म्हणोत, मिस्त्री,” तो म्हणाला आणि त्यानं किक मारली.

७

अंतर वाढलं की श्वासाचा गाडीशी जडलेला धागा तुटेल, असं रंगनाथनं ठरवलं होतं. ठरवायला आधार काहीच नव्हता. तो उंबऱ्यावर बसून राहिला. गाडी भाजीबाजारातून वाट काढत गेली तेव्हा त्याच्या छातीत तिचं थांबणं-निघणं कळत होतं. आडगाव नाका गेला, आग्रा रोड लागला आणि श्वास संथ झाला. एका लयीत, ना कमी ना जास्त. सावळीराम चाळीसनं चालला होता. सांगितलेलं ऐकणारं गिऱ्हाईक रंगनाथला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं, आणि त्याचा त्याला आनंद झाला, खराखुरा आनंद.

दहा वाजले. त्याला इतकं बरं वाटू लागलं की झाल्या प्रकाराची शरम वाटली. अपचन असणार. आठवडाभर जेवणाकडं लक्ष नव्हतं. त्यानं एका स्कूटरवाल्याला दोन शिव्या हासडल्या आणि काळूला ऐकू जाईल असं म्हणाला, “नांदगावला पोचेल आता. बाहेरचा पिस्टन आहे, सांगून खरं वाटणार नाही.”

साडेअकराला यशोदाबाईनं ताट वाढलं. तो मागच्या खोलीत जाऊन पाटावर बसला. भाकरीचा पहिला तुकडा मोडला तेव्हा छातीतली लय बदलली. वळणं आली. खडबडीत रस्ता आला. गाडी हळू झाली, एका जागी उभी राहिली आणि इंजिन नुसतं चालू राहिलं. बहुतेक सावळीराम कुणाला तरी दवाखाना विचारत होता. मग थोडं पुढं, आणि पुन्हा उभी.

“पोचला,” रंगनाथ म्हणाला.

“कोण पोचलं?” यशोदाबाईनं वर बघितलं. “अहो, काय होतंय?”

रंगनाथनं तिचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यानं तिच्याकडं कधी काही मागितलं नव्हतं, सांगत आला होता. आता त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिनं त्या चेहऱ्यावर कधी बघितलं नव्हतं, म्हणून ती घाबरली.

“त्याला सांग,” तो म्हणाला, “त्याला म्हणावं, गाडी चालू...”

“कुणाला सांगू? इथं कोण आहे?”

नांदगावला दवाखान्याच्या आवारात सावळीरामनं गाडी नीट सावलीत उभी केली. आत लहान मूल रडत होतं, ते आपलंच असेल असं त्याला वाटलं आणि तो हसला. मग त्यानं चावीला हात घातला.